पोरगी नर्सिंगला गेली तर बँकेचं कोण बघणार?

ताई, तुम्ही विचारलंय कोर्सचं, पण पत्रात निम्मं तर बँकेचंच आहे. मालक जाऊन तीन वर्षं झाली, पोरीला बारावी सायन्सला ६१ टक्के पडलेत, तिला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करायचाय आणि तुमचं म्हणणं तिने तालुक्याला जाऊन येऊन बीए करावं, का तर निराधार योजनेचे महिन्याचे १५०० जमा झाले की नाही ते तीच बघते, एटीएमचा पिन तिलाच माहीत, गटाचं रजिस्टर तीच लिहिते, धाकट्याचे फॉर्मपण तीच भरते.

स्पष्ट सांगते, राग मानू नका. यात करिअरचा प्रश्न कुठेच नाही. घरातला कारभारी गेला आणि ते सगळं ओझं पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आलं, मुद्दाम कुणी टाकलं नाही, पण आता ती ते उतरवून निघालीये तर तुम्ही मार्क पुढे करताय की "एवढ्यात कुठं नर्स होणार". होणार की! जीएनएमच्या पात्रतेला बारावीला ४० टक्के लागतात, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. सरकारी सीटचं मेरिट वर जातं हे खरं, पण खाजगीत जायची वेळ आलीच तर कॉलेज नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का एवढं बघा आणि सीट मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच वाटेला लावा.

आता तुमचं ते वाक्य, "फी लागलीच तर गटाचं कर्ज आहेच, साहेब आठवड्याला घरी येऊन हप्ता नेतात". ताई, आठवड्याला साहेब येतात ते मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज, बचत गटाचं नाही. बचत गटात दहा-वीस बायका स्वतःचे पैसे साठवतात, त्यातूनच कर्ज देतात, व्याज गटातच राहतं, आणि एखादीचा महिना अडला तर बैठकीत बोलता येतं. कंपनीच्या गटात तुम्ही एकमेकींच्या जामीन, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव, आणि व्याज जातं कंपनीला. बेकायदेशीर नाही ते, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत असाही आहे. पण हिशोब करा ना, हप्ता लगेच सुरू आणि पोरीचा पगार तीन वर्षांनी, मधले हप्ते कशातून भरणार, परत दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून? गावोगाव हेच चाललंय. त्यापेक्षा बँकेत शैक्षणिक कर्जाचं विचारा, त्यात साधारणपणे कोर्स संपून वर्षभर हप्ता नसतो आणि ४ लाखांपर्यंत स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही.

म्हणजे बँकेचा कारभार शिकायचाय तो तुम्हाला, आणि ती हॉस्टेलला जायच्या आत. सगळ्यात आधी आधार. मला खात्री आहे तुमच्या आधारला आणि बँकेला तिचाच मोबाइल नंबर जोडलेला असणार, म्हणजे ती गेली की तुमचा ओटीपीही तिच्याबरोबर गेला! तुमच्या नावावर साधा फोन आणि सिम घ्या, आधार केंद्रावर स्वतः जा, बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळतो, कागदपत्रं लागत नाहीत, मग तोच नंबर बँकेत द्या. एटीएमला तिच्याबरोबर जा पण बटणं तुम्ही दाबा, ती मागे उभी राहील, चुकलं तर चुकू दे. जमा झाल्याचा मेसेज वाचायला आकडे ओळखता आले तरी सुरुवातीला भागतं.

एकटीने जमत नसेल तर गावातल्या उमेदच्या, म्हणजे बचत गटांना मदत करणाऱ्या सरकारी अभियानाच्या, सीआरपी ताईंना धरा, त्या गावातल्याच असतात, बँकेत सोबत यायला सांगा, लाजू नका. गटाचं रजिस्टर दुसऱ्या कुणा लिहिणारीकडे द्या, बारावीच्या पोरीने बायकांचा हिशोब का लिहायचा? आणि धाकटा नववीत आहे म्हणता तर बालसंगोपन योजनेचा अर्ज केलाय का? वडील नसलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २२५० मिळतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. तो अर्ज मात्र पोरीला भरायला लावू नका, धाकट्याला शेजारी बसवून तुम्ही दोघांनी भरा.