वाचकांचे प्रश्न : फोर्ड मॉडेल ए चे इंजिन बांधताना

प्रश्न : मी 1930 सालची फोर्ड मॉडेल ए मोटार घेतली आहे. वेग धरल्यावर ॲक्सिलरेटर किंचित सोडला की इंजिनातून ठकठक ऐकू येते. येथील एका वर्कशॉपने बॅबिटची (मऊ मिश्रधातू ओतून केलेली) बेअरिंग काढून आजच्या पद्धतीची शेल (सुट्या, बदलता येणाऱ्या वाट्यांची) बेअरिंग बसवावीत आणि शिसेविरहित पेट्रोलसाठी व्हॉल्व्हला कडक पोलादी सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी) घालाव्यात, असे सुचवले आहे. हा सल्ला मानावा काय?
— एक वाचक, डेट्रॉईट

उत्तर : आवाजाच्या आपल्या वर्णनावरून कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग सैल झाले असावे असे वाटते, आणि इंजिन खोलण्याआधीच त्याची खातरजमा करता येते. या मोटारीत डिस्ट्रिब्यूटरपासून स्पार्क प्लगपर्यंत वायरीऐवजी पितळेच्या उघड्या पट्ट्या असतात. इंजिन चालू ठेवून, लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकेका प्लगचे टोक सिलिंडर हेडला जोडावे, म्हणजे त्या सिलिंडरची ठिणगी तुटते. ज्या सिलिंडरपाशी ठकठक मंदावेल, त्याचा रॉड तपासावा.

बेअरिंग कोणते घालायचे हे ठरवण्याआधी क्रँकशाफ्ट मायक्रोमीटरने मोजून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. केवळ तीन मुख्य बेअरिंगवर फिरणाऱ्या या शाफ्टला संतुलनाची वजने नाहीत; त्याचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) लंबगोल झाले असतील, तर बेअरिंग बॅबिटचे असो वा शेलचे, ते लवकरच पुन्हा ठोकू लागेल. जर्नल गोल असतील, बॅबिटला तडे नसतील आणि बेअरिंगच्या कॅपखाली पातळ शिम (फट जुळवण्याच्या धातूच्या चकत्या) शिल्लक असतील, तर शिम कमी करून सुमारे 0.0015 इंचाची फट राखली की पुष्कळदा काम भागते. तसे नसेल, तर बॅबिट नव्याने ओतून घेणे मला अधिक पसंत आहे, कारण मिनिटाला 2200 फेऱ्यांना 40 अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनाचा भार ते सहज पेलते. मात्र मुख्य बेअरिंगचे बॅबिट थेट ब्लॉकमध्ये ओतून, मग तिन्ही एका रेषेत बोअर करावी लागतात. हे काम जाणणारा कारागीर हाताशी नसेल, तरच शेलचा पर्याय घ्यावा.

व्हॉल्व्हच्या सीटबाबत मात्र वर्कशॉपचे कारण मला पटत नाही. 4.22 ला 1 इतके कमी कॉम्प्रेशन असलेले हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर विसंबून बनवलेलेच नव्हते. शिवाय व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये आहेत, आणि पोलादी सीटसाठी ब्लॉक कोरताना हत्यार पाण्याच्या पोकळीपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधल्या भागात भेगा आहेत का ते तपासून घ्यावे, कारण ब्लॉक तेथेच वारंवार फुटतो. मूळ सीट घासूनही नीट बसत नसेल, तेवढीच बदलावी.

जोडणी झाल्यावर तेलाकडे विशेष लक्ष द्यावे. पंप तेल व्हॉल्व्ह चेंबरपर्यंत चढवतो, तेथून ते उताराने मुख्य बेअरिंगमध्ये उतरते आणि रॉडच्या टोकांना ते त्यांच्या खालच्या तेलाच्या ट्रेमधून उडून मिळते. म्हणून पहिल्यांदा स्टार्टर दाबण्यापूर्वी थोडे तेल व्हॉल्व्ह चेंबरमध्ये वरून ओतावे आणि ट्रे भरलेला असल्याची खात्री करावी.