सीपीके काढण्याआधी एवढं बघ भो

सीपीके म्हणजे आपली प्रोसेस ड्रॉइंगच्या मर्यादेत किती नीट बसते त्याचा आकडा. तो काढायला मिनिटॅब (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) उघडून लगेच केपेबिलिटी अॅनालिसिसला हात घालू नको, आधी एक्सबार-आर चार्ट (रीडिंगच्या गटागटाची सरासरी आणि फरक दाखवणारा) लाव, प्रोसेस कंट्रोलमध्येच, म्हणजे स्थिरच, नसेल तर सीपीके कितीही छान आला तरी त्याला काही अर्थ नाही. पाइपच्या जाडीचे ५-५ रीडिंगचे २५ सबग्रुप (गट) तरी घे, आणि तेही फक्त सकाळचे नको रे भाऊ, आपल्या जळगावच्या मे महिन्यात दुपारी कूलिंगचं पाणी किती तापतं माहितीये ना, तो फरक डेटात यायलाच पाहिजे.

अन एक्सेलमध्ये रीडिंग चढत्या क्रमाने सॉर्ट करून कधीच टाकू नको! सबग्रुपमधला फरक खोटाच कमी दिसतो, सीपीके त्याच फरकावरून निघतो म्हणून फुगतो, पीपीके (सगळ्या रीडिंगच्या एकूण फरकावरून निघणारा आकडा) मात्र आहे तिथंच राहतो. दोघांत मोठं अंतर दिसलं की आधी शिफ्ट, मटेरियल, डाय हे तपास.

सीपी (सरासरी कुठे आहे ते न बघता फक्त रीडिंगचा पसारा बघणारा आकडा) चांगला पण सीपीके कमी म्हणजे सरासरी मधून सरकलीये, सेटिंगने भागतं. दोन्ही कमी असतील तर मशीनकडेच बघावं लागतं. कस्टमर बहुतेक सीपीके १.३३ मागतो. स्पेक लिमिट (मापाची ठरलेली मर्यादा) ड्रॉइंगवरूनच घे, चार्टचे कंट्रोल लिमिट (जे आपल्याच रीडिंगवरून निघतात) तिथं टाकतात काही जण, मग रिपोर्ट परत येतो.