'त्सिनुत' म्हणजे जिल्हा नव्हे

दोन महायुद्धांमधल्या रुमानियाविषयी वाचताना भेटणाऱ्या 'तिनुत' ह्या प्रशासकीय घटकाच्या नावासाठी मराठीत 'जिल्हा' लिहिले तर चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

मुळात उच्चार 'तिनुत' नाही. रुमानियन लिपीत ह्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली (ț) स्वल्पविराम असतो आणि ते 'चाक'मधल्या दंततालव्य 'च'सारखे उच्चारले जाते. छापताना हे चिन्ह सर्रास गाळतात, मग वाचणाराही चुकतो. आपण 'चि' तालव्यच उच्चारतो, म्हणून 'त्सिनुत' असेच लिहावे.

ह्या शब्दाचे कूळ मात्र विलक्षण आहे. 'त्सिने' म्हणजे धरणे, 'त्सिनुत' म्हणजे धरलेला, ताब्यातला. त्यामागे लॅटिन 'तेनेरे' आहे, आणि त्याचे मूळ आपल्या 'तन्' धातूचेच; म्हणजे ताणणे, तंतू आणि गवयाची तान ही सारी त्याची भावंडे! विहिरीतून भरली घागर ओढताना दोर ताणावा लागतो आणि त्याच क्षणी घट्ट धरावाही लागतो. अशाच एखाद्या क्रियेतून लॅटिनने 'धरणे' उचलले आणि आपण 'ताणणे' राखले, असे माझे ठाम मत आहे. फारसीतल्या 'जहागीर'मध्येही 'जा' म्हणजे जागा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. जमिनीवरच्या सत्तेला नाव देताना भाषांना आधी मूठ आठवते.

काही अभ्यासक 'प्रांत' सुचवतात, ते मला मुळीच मान्य नाही. राजा दुसरा कारोल ह्याने फेब्रुवारी १९३८ मध्ये सत्ता एकहाती घेतली आणि ऑगस्टमधल्या कायद्याने ७१ जिल्ह्यांच्या वर दहा त्सिनुत उभे केले, ते जुन्या प्रांतांच्या सीमा पुसण्यासाठीच. म्हणून तर त्यांना ओल्त, प्रुत, मुरेश, सोमेश अशी बहुतांशी नद्यांची नावे मिळाली. जे प्रांत मोडायला जन्मले, त्यांनाच प्रांत कसे म्हणावे? १९४० च्या सप्टेंबरात राजाने गादी सोडली आणि पाठोपाठ त्सिनुतही गेले.

अनेक जिल्हे आणि त्यांच्यावर राजाने नेमलेला एक 'रेसिडेंट' अशी ही रचना होती. महाराष्ट्रात ३६ जिल्ह्यांवर सहा विभाग आणि विभागीय आयुक्त असतात, तेव्हा 'विभाग' हाच शब्द बसतो. जुन्या मोल्दाव्हिया ह्या संस्थानाच्या कागदपत्रांत मात्र जिल्ह्यालाच त्सिनुत म्हणत. तिथे 'जिल्हा' खुशाल लिहावा.