इन द कॉर्नर, ऑन द कॉर्नर की अ‍ॅट द कॉर्नर?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलाच्या शाळेची बस 'ऑन द कॉर्नर' थांबेल असं चिठ्ठीत लिहिलंय, शेजारीण 'अ‍ॅट द कॉर्नर' म्हणाली, आणि शाळेत आपण सगळे 'इन द कॉर्नर' शिकलो. यातलं बरोबर कोणतं? तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्हींचा अर्थ एक नाही. मी पंधरा वर्षं शिकागोत राहते आणि नव्याने आलेल्या आपल्या लोकांना बोलायचं इंग्रजी शिकवते. हा प्रश्न मला सतत भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नियम पाठ करू नका, आधी मराठी बोलून बघा. केरसुणी कुठे आहे? कोपऱ्यात. वाण्याचं दुकान कुठे आहे? कोपऱ्यावर. रिक्षावाल्याला काय सांगता? त्या कोपऱ्यापाशी डावीकडे घ्या. त, वर आणि पाशी. हेच इन, ऑन आणि अ‍ॅट. बहुतेक वेळा ही जोडी तंतोतंत जमते, आणि माझ्याकडे येणाऱ्या कुणीही हे आधी ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. इतकी वर्षं इंग्रजी शिकून आपल्याच भाषेतली किल्ली कुणी हातात दिलेली नसते.

दोन भिंती मिळतात तिथे आतून एक खोबण तयार होते आणि बाहेरून एक टोक. खोबणीत वस्तू मावते, म्हणून इन. टोकावर इमारत उभी असते, म्हणून ऑन. स्पॅनिशमध्ये यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत: खोलीतला तो रिंकोन, रस्त्यावरचा तो एस्किना. इंग्रजीकडे एकच शब्द असल्यामुळे सगळा भार त्या छोट्या अव्ययावर पडतो. कॉर्नर हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या शिंगाच्या शब्दात आहे. म्हणजे मुळात त्याला बाहेर आलेलं टोकच अभिप्रेत असावं, असं मला वाटतं.

'दुकान कोपऱ्यात आहे' असंही आपण म्हणतो, पण तेव्हा अर्थ बदलतो: आडबाजूला, पटकन दिसणार नाही असं. इंग्रजीतही तसंच. 'द शॉप ऑन द कॉर्नर' सगळ्यांना दिसतं, 'इन अ कॉर्नर ऑफ द मार्केट' असलेलं शोधावं लागतं.

कागद, पाकीट, नकाशा यांना कड असते, त्यामुळे त्या आतल्या जागा धरल्या जातात. तिकीट पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लावायचं, 'इन द टॉप राइट-हँड कॉर्नर'. राज्यांचंही तेच. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं गाव 'इन द साउथवेस्ट कॉर्नर' असतं. युटा, कोलोरॅडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांचे कोपरे एका बिंदूत मिळतात आणि त्या जागेचं नावच फोर कॉर्नर्स आहे. पण टेबलाचा कोपरा गुडघ्याला लागला तर 'ऑन', कारण लागतं ते बाहेरचं टोक.

अ‍ॅट वापरतात तेव्हा आत-बाहेर महत्त्वाचं नसतं, नकाशावरचा ठिपका महत्त्वाचा असतो. भेटायचं, वळायचं, थांबायचं ते 'अ‍ॅट द कॉर्नर'. 'टर्न लेफ्ट अ‍ॅट द कॉर्नर' म्हणा, तिथे ऑन घालू नका. विशेषनामांत हा फरक छान दिसतो. लंडनमध्ये हाइड पार्कच्या ईशान्य टोकाला लोक भाषणं करतात ते 'अ‍ॅट स्पीकर्स कॉर्नर', कारण ते एक ठिकाण. चॉसर हा कवी 1400 साली वारला, त्याची कबर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत 'इन पोएट्स कॉर्नर', कारण तो वास्तूच्या आतला भाग.

आता मराठीची मदत जिथे संपते तिथे येते, आणि तुमच्या बसचा खरा प्रश्न इथेच आहे.

आपण रस्त्यांच्या मधल्या जागेला नाव देतो. पुण्यात गुडलक चौक, कोल्हापुरात मिरजकर तिकटी, मुंबईत वरळी नाका. अमेरिकेत बहुतेक चौकांना स्वतःचं नाव नसतं. नावं असतात दोन रस्त्यांना, आणि ती जोडून पत्ता होतो: 'द कॉर्नर ऑफ स्टेट अँड मॅडिसन'. हा शिकागोतला सर्वांत महत्त्वाचा कॉर्नर. 1909 साली शहराने घरांचे नंबर नव्याने लावले तेव्हा शून्य इथे धरलं, आणि आजही चारही दिशांचे नंबर इथूनच वाढत जातात. पण चौक एक असला तरी त्याला कॉर्नर चार. लुई सलिव्हन या वास्तुविशारदाची गोलाकार कोपऱ्याची, लोखंडी वेलबुट्टीच्या दाराची प्रसिद्ध इमारत तिथे आहे, ती आग्नेय कॉर्नरवर. 'साउथईस्ट कॉर्नर' हा पत्त्याचाच भाग असतो, शोभेचा नसतो.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीने मला अशाच एका साउथईस्ट कॉर्नरवर बोलावलं. मी फक्त रस्त्यांची नावं ऐकली आणि समोरच्या टोकाला वीस मिनिटं थंडीत उभी राहिले. मराठी हिशेबाने मी सांगितलेल्या चौकातच होते, पण तिच्या हिशेबाने दोन रस्ते पलीकडे. तेव्हापासून मी आधी मिशिगन तळं कुठे ते बघते. शिकागोत तळं म्हणजे पूर्व.

त्या तिरक्या समोरच्या टोकाला इथे 'किटी-कॉर्नर' म्हणतात, दक्षिणेकडच्या राज्यांत 'कॅटी-कॉर्नर'. मांजराशी त्याचा संबंध नाही. फ्रेंच 'चार'वरून आलेला केटर हा जुना शब्द झिजत झिजत तसा झाला. 'अक्रॉस द स्ट्रीट' म्हणजे एक रस्ता ओलांडायचा, 'किटी-कॉर्नर' म्हणजे दोन. मुलाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

'अराउंड द कॉर्नर'बद्दल थोडंच. ब्रिटिश लोक 'राउंड' म्हणतात. मूळ अर्थ वळणाच्या पलीकडे, दिसत नाही पण जवळ. तेच काळालाही लागतं: 'ख्रिसमस इज जस्ट अराउंड द कॉर्नर'. आपली दिवाळी मात्र तोंडावर येते, कोपऱ्यावर नाही. आणि कुणी दुकान 'जस्ट अराउंड द कॉर्नर' आहे म्हणालं तर चालत किती मिनिटं, ते विचारून घ्या. गाडीने फिरणाऱ्यांचं जवळ आणि आपलं जवळ एक नसतं.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा. 'माझा मुलगा चौकात उभा असतो' याचं सरळ भाषांतर करून 'इन द इंटरसेक्शन' म्हणू नका. त्याचा अर्थ भर रस्त्याच्या मध्ये, गाड्यांच्या वाटेत, असा होतो आणि ऐकणारा घाबरेल. मुलगा उभा असतो 'अ‍ॅट द कॉर्नर'.

तर शाळेला उत्तर लिहिताना दोन्ही रस्त्यांची नावं घाला आणि विचारा, 'व्हिच कॉर्नर?' उत्तरात दिशा आली की संध्याकाळी मुलाला सोबत घेऊन तिथे एकदा प्रत्यक्ष उभं राहून या. त्याला कोणता रस्ता ओलांडावा लागतो, ते तिथेच कळेल.