‘चीनला हरवणारा संघ’ आणि जेद्दातील तीन पराभव

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : जुलै 2014 मध्ये वुहान येथील आशिया चषकात यजमान चीनला 65-58 असे हरवणारा भारतीय बास्केटबॉल संघ ऑगस्ट 2025 मध्ये जेद्दा येथील आशिया चषकात तिन्ही सामने कसा काय गमावतो, आणि ही अधोगती नाही तर दुसरे काय? त्याला जोडून आपण दोन शंकाही विचारल्या आहेत. ऑस्ट्रेलिया आशियात कसा खेळतो, आणि एकही सामना न जिंकता गुणतक्त्यात भारतापुढे 3 गुण कसे दिसतात? मी बरीच वर्षे जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या सामन्यांत टेबलवर बसून गुणपत्रक लिहीत आलो आहे, त्यामुळे शेवटची शंका मला सर्वांत जवळची आहे. परंतु मूळ घोळ नावांचा असल्यामुळे आधी तो सोडवणे बरे.

वुहानचा ‘आशिया चषक’ आणि जेद्दाचा ‘आशिया चषक’ या एकाच स्पर्धेच्या दोन आवृत्त्या नाहीत. 1960 मध्ये मनिला येथे एशियन बास्केटबॉल कॉन्फेडरेशनची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि यजमान फिलिपिन्सने ती जिंकली. जुने खेळाडू आजही तिला ‘एबीसी’ म्हणतात. कॉन्फेडरेशनचे नाव पुढे ‘फिबा एशिया’ झाले (फिबा म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना), स्पर्धा ‘फिबा एशिया अजिंक्यपद’ झाली आणि 2017 मध्ये तिलाच ‘आशिया चषक’ हे नाव मिळाले. म्हणजे जेद्दाची वंशावळ थेट मनिलापर्यंत पोहोचते. 2014 ची वुहानची स्पर्धा मात्र दहा संघांची, दुसऱ्या पायरीवरची होती. ती स्टॅनकोविच चषक म्हणून सुरू झाली, 2012 आणि 2014 मध्ये तिने ‘आशिया चषक’ हे नाव वापरले, 2016 मध्ये ती ‘आशिया चॅलेंज’ झाली आणि त्यानंतर बंदच पडली. तिचे नाव तेवढे मोठ्या स्पर्धेला लावले गेले. संघटनेने केलेला हा नावांचा खेळ आपल्यासारख्या जिज्ञासू प्रेक्षकाला चकवतो, यात आपला दोष नाही.

याचा अर्थ वुहानचा विजय हलका होता असा मुळीच नाही. चीनला चीनमध्ये हरवणे ही भारतीय बास्केटबॉलसाठी अपूर्व गोष्ट होती आणि तो संघ चिवट होता. त्याच स्पर्धेत अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना मैदानात उतरण्याआधी पगडी काढायला लावली गेली होती. त्यावरून उठलेला गदारोळ आणि त्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेत हिजाबच्या प्रश्नावरून कतारच्या महिला संघाने घेतलेली माघार, या दोहोंमुळे फिबाला अखेर 2017 मध्ये डोक्यावरील आच्छादनाचा नियम बदलावा लागला. माझ्या मते वुहानने खेळाला दिलेली टिकाऊ देणगी 65-58 या आकड्यापेक्षा ही आहे. तुलनाच करायची असेल, तर ती 2015 मध्ये चांगशा येथे झालेल्या अजिंक्यपद स्पर्धेशी करावी लागेल. तेथे भारत आठवा आला होता. त्याही मागे जाऊन पाहिले, तर 1975 मध्ये बँकॉकला आपण चौथे होतो, आणि 1981 मध्ये ही स्पर्धा कोलकात्याला भरली होती.

आता ऑस्ट्रेलियाविषयी. राष्ट्रीय संघांच्या स्पर्धांसाठी फिबाने 2017 पासून आशिया आणि ओशनिया हे दोन विभाग एकत्र आणले. पूर्वी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा विभागीय फैसला जवळजवळ आपापसांतच होत असे, ज्यातून कोणालाच फारसे काही मिळत नव्हते. एकत्रीकरणानंतर ऑस्ट्रेलियाने 2017 मध्ये बैरूतला पदार्पणातच अंतिम सामन्यात इराणला 79-56 असे लोळवले. 2022 मध्ये जकार्ताला लेबनॉनला 75-73 असे आणि 2025 मध्ये जेद्दाला चीनला 90-89 असे हरवून चषक स्वतःकडेच ठेवला. सोळा वेळा आशिया जिंकलेल्या चीनलाही तेव्हापासून विजेतेपद मिळालेले नाही. गंमत म्हणजे ऑलिंपिकच्या थेट प्रवेशासाठी हे दोन विभाग अजूनही वेगळे मोजले जातात, म्हणूनच 2023 च्या विश्वचषकातील कामगिरीवर आशियातून जपान आणि ओशनियातून ऑस्ट्रेलिया असे दोघे पॅरिसला गेले.

भारताच्या दृष्टीने याहून मोठा बदल वेळापत्रकाचा आहे, आणि माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे. पूर्वी एका पंधरवड्याच्या स्पर्धेत सगळे आटोपत असे : दक्षिण आशियातून, म्हणजे ‘सॅबा’ या उपविभागातून, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव अशा शेजाऱ्यांना मागे टाकले की आपला प्रवेश पक्का, मग एखादी चांगली सकाळ उगवली की चीनलाही धक्का देता येई. 2017 च्या नोव्हेंबरपासून पात्रता फेऱ्या फुटबॉलप्रमाणे घरच्या आणि परक्या मैदानांवर, ठरावीक कालखंडांत, म्हणजे ज्यांना ‘विंडो’ म्हणतात त्यांत खेळवल्या जाऊ लागल्या. चार संघांचा गट, प्रत्येकाशी एकदा आपल्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे, असे सहा सामने कित्येक महिन्यांवर पसरलेले असतात. या रचनेत चमत्काराला वाव कमी असतो. खेळाडू आपापल्या क्लबमधून, आणि आपल्याकडे तर नोकरीच्या संघांतून, चार-पाच दिवसांसाठी एकत्र येतात. ज्यांची देशांतर्गत लीग वर्षभर चालते त्यांचा हात तयार असतो, आणि ज्यांना सामने शोधावे लागतात त्यांचा संघ तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बरोबरीने खेळून चौथ्यात गळतो. जेद्दाला जॉर्डनविरुद्ध आपण सामना जादा वेळेत नेला आणि तेथे 84-91 असा गमावला, हे आठवून पाहावे.

याच रचनेमुळे जेद्दाचे तीन पराभव मी अधोगती मानत नाही. 2025 च्या चषकासाठी भारताचा गट इराण, कतार आणि कझाकस्तान यांच्याबरोबर होता. त्यात तिसरे येऊन, नंतरच्या जादा पात्रता स्पर्धेतून आपण मुख्य स्पर्धेच्या सोळा संघांत शिरलो. आशिया चषकातून विश्वचषकाचे तिकीट आता थेट मिळत नाही, पण जे सोळा संघ चषकाला पोहोचतात तेच 2027 च्या दोहा येथील विश्वचषकाची पात्रता फेरी खेळतात. म्हणजे चीन, जॉर्डन आणि सौदी अरेबिया यांच्याकडून हरूनही आपल्याला सौदी, लेबनॉन आणि कतार यांच्याविरुद्ध आणखी सहा सामने मिळाले, त्यांतले तीन घरच्या मैदानावर. आपल्या संघाला आज चषकापेक्षा अशा सामन्यांची गरज अधिक आहे.

एक अडचण मात्र वेळापत्रकाने सुटणारी नाही. सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळालेला एक खेळाडू प्रत्येक संघाला खेळवता येतो आणि आशियातील बहुतेक प्रतिस्पर्धी ही सवलत पुरेपूर वापरतात. फिलिपिन्सकडून 2023 चा विश्वचषक खेळलेला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा, जॉर्डन क्लार्कसन याच वाटेने आला. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, भारतासाठी खेळता येत नाही. न्यू जर्सीत वाढलेला, शाळेच्या संघात चमकणारा एखादा मराठी मुलगा भारताच्या जर्सीसाठी अमेरिकेचे पारपत्र सोडील, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आता 3 गुणांचे कोडे. फिबाच्या पद्धतीत विजयाला 2 गुण, पराभवाला 1 गुण आणि सामना सोडून देणाऱ्याला शून्य मिळते. हरण्यासाठी का होईना, मैदानात उतरावे म्हणून ही योजना आहे. दोन किंवा अधिक संघांचे गुण सारखे झाले, तर आधी त्यांच्या आपसांतील सामन्यांतले विजय आणि मग त्याच सामन्यांतील गुणफरक मोजतात. एकदा राज्यस्तरीय कुमार स्पर्धेत मी टेबलवर होतो. तीन संघांचे गुण सारखे होण्याची शक्यता होती. एका संघाने सहा गुणांची आघाडी असताना शेवटची वीस सेकंदे सभ्यपणे चेंडू टप्पे मारत घालवली, प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवले आणि तासाभराने कळले की दोन गुणांनी ते बाहेर पडले आहेत. त्यांचे प्रशिक्षक माझ्या शेजारी उभे राहून गुणपत्रकातील प्रत्येक आकडा बोटाने पुन्हा मोजत होते. तेव्हापासून आघाडीवर असलेला संघ शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फटका मारू लागला की मला उद्धटपणा दिसत नाही.

आपण जोडलेल्या तक्त्यात दोन दुरुस्त्या सुचवतो. 2014 ची ओळ वेगळ्या स्पर्धेची असल्यामुळे ती काढून तेथे 2015, आठवे स्थान, असे लिहावे. आणि महिलांचे निकाल त्याच स्तंभात घालू नयेत, कारण तेथे अ आणि ब श्रेणींची स्वतंत्र व्यवस्था होती : 2017 मध्ये बेंगळुरूला भारताने कझाकस्तानला 75-73 असे हरवून जिंकली ती ब श्रेणी होती आणि त्यातून अ श्रेणीत बढती मिळाली, पुण्याच्या शिरीन लिमये यांनी पुढे नेतृत्व केले ते याच संघाचे. त्याच वेळी अ श्रेणीत जपानने ऑस्ट्रेलियाला 74-73 असे हरवले होते, तेव्हा ‘ऑस्ट्रेलिया आल्यापासून आशिया संपला’ हे आपल्या तक्त्याखालचे वाक्य फक्त पुरुषांच्या बाजूला ठेवावे.