‘पाय ओढणे’ म्हणजे ‘पुल समवन्स लेग’ नव्हे

वाचकांचे प्रश्न : इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी

प्रश्न : मी दर आठवड्याला विद्यार्थ्यांना वीस इंग्रजी वाक्प्रचार अर्थासह पाठ करायला देते. चाचणीत गुण चांगले पडतात, पण बोलताना ते एक तर वापरतच नाहीत, नाहीतर भलत्याच ठिकाणी वापरतात. कुठे चुकतंय?

उत्तर : वीस फार झाले. आठवड्याला चार पुरेत, आणि त्या चारांवर दहापट वेळ द्या. अर्थ पाठ होणं ही सगळ्यांत सोपी पायरी आहे. वाक्प्रचार कोण कोणाला म्हणतो, त्यातला कोणता शब्द बदलता येतो आणि मराठीतल्या सारख्या दिसणाऱ्या वाक्प्रचारापासून तो कुठे वेगळा पडतो, हे कळल्याशिवाय तो तोंडात बसत नाही.

शेवटच्या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ‘पुल समवन्स लेग’ ऐकलं की आपल्या विद्यार्थ्याला ‘पाय ओढणे’ आठवतं. मराठीत पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही; इंग्रजीत तो फक्त थट्टा करत असतो. ‘गिव्ह समवन ॲन इअरफुल’ म्हणजे चांगलं फैलावर घेणं, पण मराठी कानाला त्यात ‘कान भरणे’ ऐकू येतं आणि चहाडीचा अर्थ लागतो. ‘कोल्ड फीट’ हे ‘हातपाय गार पडणे’च्या बरंच जवळ आहे, तरी तंतोतंत तेच नाही. ठरवलेली गोष्ट करायची वेळ जवळ आल्यावर माघार घ्यावीशी वाटते, तेव्हा ‘शी गॉट कोल्ड फीट’ म्हणतात. अपघात पाहून घाबरलेल्या माणसाला ते लागू पडत नाही. फळ्यावर दोन रकाने करा, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे सारखा दिसणारा मराठी वाक्प्रचार लिहा आणि मधे फरक विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या. या कामात मराठी वापरायला अजिबात कचरू नका. गोंधळ मराठीमुळेच झालेला असतो, तो मराठीतच सुटतो.

आता यादीबद्दल. शरीराच्या अवयवांवरचे वाक्प्रचार एकत्र देण्याची पद्धत सर्रास दिसते. तीत ‘फूट’, ‘फीट’, ‘लेग’ एकाच दिवशी येतात आणि आठवड्याने एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी उगमाप्रमाणे गट करा. ‘थ्रो इन द टॉवेल’ (हार मानणे), ‘बिलो द बेल्ट’ (नियम सोडून केलेला वार) आणि ‘ऑन द रोप्स’ (हरण्याच्या बेतात असणे) हे तिन्ही मुष्टियुद्धाच्या आखाड्यातून आले. रिंगणाच्या दोरांना टेकलेला, मार खाणारा खेळाडू एकदा डोळ्यांसमोर आणला की ‘ऑन द रोप्स’चा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘लर्न द रोप्स’ (कामाची माहिती करून घेणे) यातले दोर मात्र शिडाच्या जहाजावरचे, म्हणून तो दुसऱ्या दिवशी घ्या. उगम सांगताना एक पथ्य पाळा : ऐकीव कथा सांगू नका. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ (धो धो पाऊस पडणे) यातली कुत्री-मांजरं पावसात छपरावरून घसरायची, ही गोष्ट बऱ्याच वर्गांत सांगितली जाते, पण तिला आधार नाही.

पंचवीस मिनिटांचा तास असा बांधता येईल. पहिली पाच मिनिटं सहा ते आठ ओळींचा संवाद ऐकवा, त्यात वाक्प्रचार एकदाच यावा. अर्थ सांगू नका, संदर्भावरून ओळखू द्या. मग होय-नाही छापाचे तीन प्रश्न विचारा : बोलणारा चिडलाय का? हे बॉसला म्हणता येईल का? गोष्ट घडून गेलीय का? त्यानंतर पाच मिनिटं वाक्यरचना. काळ बदलून पाहा, कर्ता बदलून पाहा. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे; त्याचं ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ चालतं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे; पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की मरणाचा अर्थ उडून जातो आणि खरीखुरी बादली उरते. हा फरक नियमाने सांगता येत नाही, ऐकवावाच लागतो. उरलेल्या वेळात जोड्या करून प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य बोलायचं. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करा. उजळणीत अर्थ विचारू नका. प्रसंग द्या आणि वाक्प्रचार काढून घ्या.

बादलीवरून आठवलं : ‘किक द बकेट’ शिकवलात तर सांत्वनाच्या पत्रात तो चालत नाही हे त्याच श्वासात सांगा. तिथे ‘पास्ड अवे’.

प्रश्न : माझे विद्यार्थी व्याकरणात पक्के आहेत, पण गप्पा मारायला बसवले की एका शब्दात उत्तर देऊन गप्प होतात.

उत्तर : यात लाजाळूपणापेक्षा वेळेचा भाग मोठा आहे. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं. शिकणाऱ्याला तेवढ्यात वाक्य जुळवता येत नाही. त्याची बोलायची पाळी निघून जाते किंवा तो ‘येस’ म्हणून सुटका करून घेतो. म्हणून आधी पाळी धरून ठेवायला शिकवा : ‘वेल...’, ‘लेट मी थिंक’, ‘हाउ शुड आय पुट इट’. चटकन तोंडात यायला हवेत असे दहा-बारा तुकडे पुरे होतात, आणि ते कुठल्याही अलंकारिक वाक्प्रचारापेक्षा रोज जास्त कामी येतात.

मग ‘उत्तर, भर, परतप्रश्न’ ही सवय लावा. ‘डू यू लाइक स्विमिंग?’ याला ‘येस’ नाही, तर ‘येस, बट ओन्ली इन द मॉर्निंग. व्हॉट अबाउट यू?’ पहिले दोन आठवडे ते यांत्रिक वाटेल, वाटू द्या. ऐकणाऱ्यालाही काम द्या. दर दोन-तीन वाक्यांनी त्याने ‘रिअली?’, ‘ओ नो’, ‘देन व्हॉट हॅपन्ड?’ असं काही म्हणायलाच हवं. इथे सुराकडे लक्ष असू द्या. चढत्या सुरातला ‘रिअली?’ पुढचं ऐकायची उत्सुकता दाखवतो, सपाट सुरातला कंटाळा.

ओघ वाढवायला भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी रूढ केलेला ४-३-२ चा सराव उत्तम. एकच विषय आधी चार मिनिटं, मग तीन, मग दोन मिनिटं, दर वेळी नव्या जोडीदाराला सांगायचा. मजकूर तोच असल्याने डोकं शब्द शोधण्यातून मोकळं होतं आणि वेग आपोआप येतो. हा सराव दोन कारणांनी फसतो. जोडीदार बदलला नाही तर ऐकणारा कंटाळतो आणि बोलणारा गाळागाळ करतो. विषय अवघड असला तर चार मिनिटं भरतच नाहीत. परिचयाचा विषय द्या, लिहून वाचू देऊ नका, आणि नवशिक्यांसाठी वेळ ३-२-१ करा.

आणि स्वतःही थांबा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारेही बोलतात. परभाषेत तर या तीन सेकंदांची गरज आणखी मोठी.

प्रश्न : बोलताना चूक झाली तर लगेच सुधारावी का?

उत्तर : अर्थ अडत असेल तर लगेच. एरवी वहीत टिपून ठेवा आणि शेवटी चार-पाच चुकीची वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा, दुरुस्ती वर्गाला करू द्या. आपण बरेचदा चूक सुधारून वाक्य नुसतं परत म्हणतो. भाषाशिक्षणाचे संशोधक रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांच्या १९९७च्या अभ्यासात हाच प्रकार शिक्षक सर्वांत जास्त वापरताना दिसले आणि विद्यार्थ्यांचा प्रतिसादही त्यालाच सर्वांत कमी मिळाला. विद्यार्थ्याला वाटतं, बाईंनी दुजोरा दिला. त्याऐवजी चुकीच्या शब्दापर्यंत वाक्य म्हणा आणि थांबा. ‘यस्टर्डे यू...?’ एवढ्यावर तो ‘वेंट’ स्वतःच आणतो.

प्रश्न : हजारो वाक्प्रचारांतून नेमके कोणते निवडावेत?

उत्तर : भाषा किती येते हे ए-वन ते सी-टू अशा सहा चढत्या पातळ्यांत मांडणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीत वाक्प्रचारांचा मोठा साठा ओळखता येण्याची अपेक्षा सी-वन पातळीपासून आहे. त्याखालच्या वर्गात ‘मेक सेन्स’, ‘इट्स अप टू यू’, ‘कीप इन टच’, ‘फॉर द टाइम बीइंग’ असे बिनरंगाचे, सतत कानावर पडणारे तुकडे बोलण्यासाठी घ्या. रंगीत वाक्प्रचार फक्त समजण्यासाठी. दोन स्वतंत्र याद्या ठेवा आणि विद्यार्थ्यांनाही तसं सांगा.

शब्दकोशात ‘जुना’ असा शेरा असेल तर तो वाक्प्रचार सोडून द्या. देशाचा शेराही पाहा. ब्रिटिश ‘टच वुड’ म्हणतात, अमेरिकन ‘नॉक ऑन वुड’. तिथे फार बिघडत नाही. पण प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला मांडणं आणि अमेरिकेत चर्चा पुढे ढकलणं. परदेशी सहकाऱ्यांबरोबर बैठका असणाऱ्या विद्यार्थ्यांना हा एक शब्द पहिल्याच महिन्यात, दोन्ही अर्थांसह, शिकवा.