वाचकांचे प्रश्न : रीनोच्या शर्यतीतलं ते विमान

*विमानदेखभालीच्या कामातून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.*

प्रश्न : अमेरिकेत रीनो इथल्या विमान शर्यतीत २०११ साली झालेल्या अपघाताची चित्रफीत पाहिली. विमान एकदम वर उसळतं आणि मग प्रेक्षकांजवळ येऊन आदळतं. वैमानिक ७४ वर्षांचे होते असं वाचलं. त्यांना विमानातच हृदयविकाराचा झटका आला असेल का?

पहिला संशय वयावर जातो, हे नेहमीचंच. अपघात १६ सप्टेंबरला झाला आणि तेव्हाही अनेकांनी हाच तर्क लढवला होता. पण घटनांचा क्रम बघा. तिसऱ्या फेरीत जिमी लीवर्ड यांचं ‘गॅलपिंग घोस्ट’ हे पी-५१ मस्टँग आधी डावीकडे कलंडलं आणि लगोलग नाक वर करून उसळलं. त्या उसळीत विमानावर १७.३ जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या १७.३ पट इतका भार आला. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं वजन क्षणभर बाराशे किलोंच्या वर गेलं. लढाऊ विमानांचे तरणे वैमानिक खास पोशाख घालून, श्वास रोखण्याचा सराव करून नऊ जीपर्यंत टिकतात. इथे तर भार असा अचानक आला की डोळ्यांपुढे अंधारी येते आहे हे जाणवायलाही सवड नव्हती. रक्त डोक्याकडून खाली ओढलं जातं आणि माणूस बेशुद्ध पडतो, मग तो पंचविशीतला असो की चौऱ्याहत्तरीतला.

प्रेक्षकांनी काढलेल्या छायाचित्रांत वैमानिक कॉकपिटमध्ये खाली घसरलेले दिसतात आणि आत मिटलेलं शेपटीचं चाक भारामुळे बाहेर आलेलं दिसतं. वैमानिक कोसळले म्हणून विमान उसळलं असं नाही. विमान उसळलं म्हणून वैमानिक कोसळले.

प्रश्न : मग विमान उसळलं कशामुळे? एका सैल नटामुळे एवढा अनर्थ झाला असं कुठेतरी वाचलं, ते पटत नाही.

न पटणं बरोबर आहे, कारण ती निम्मीच गोष्ट आहे. पण त्या निम्म्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो, कारण माझा जन्म तिच्यातच गेला.

विमानाच्या शेपटीवर आडवा एलेव्हेटर असतो. त्यानं नाक वर-खाली होतं. त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर एक छोटी पट्टी असते, ती ट्रिम टॅब. वेग वाढला की मस्टँगचं नाक वर जायला बघतं. वैमानिक सतत दांडा पुढे रेटत बसू शकत नाही, म्हणून हा टॅब एलेव्हेटरला हवं त्या जागी धरून ठेवतो. शर्यतीच्या वेगात टॅब निसटला तर एलेव्हेटर मोकळा होतो आणि नाक थेट आकाशाकडे जातं.

या टॅबचे स्क्रू ज्या नटांत बसतात त्यांच्या आत आट्यांना आवळून धरणारा एक घट्ट भाग असतो, म्हणजे हादऱ्यांनी स्क्रू फिरत नाही. हा भाग वापरून झिजतो. हँगरमध्ये पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं : नट बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला, पाना लावावाच लागला नाही, तर तो सरळ भंगाराच्या डब्यात. दिसायला नवाकोरा असला तरी. तपासात निघालं की या विमानातले नट किमान १९८५ पासून तेच होते. आतला भाग खराब झालेला, स्क्रू सैल पडलेले, आणि एका स्क्रूला त्या उड्डाणाच्या आधीच थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन पडणारी चीर गेलेली.

सैल टॅबचं वेगात काय होतं? हवा त्याला ढकलते, तो परत येताना जरा पुढे जातो, हवा पुन्हा ढकलते, दर वेळी झोका मोठा. याला फ्लटर म्हणतात, आणि काही तुटेपर्यंत तो थांबत नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दहा टक्के वाढला की दाब एकवीस टक्के. म्हणून जो सैलपणा कमी वेगात खपून गेला तो पुढे खपेलच, याची काहीही खात्री नसते.

आता उरलेली निम्मी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या या विमानाचे पंख सुमारे ३७ फुटांवरून २९ फुटांच्या आसपास छाटले होते. पोटाखालचा रेडिएटरचा मोठा फुगवटा काढून पाणी उकळवून इंजिन थंड ठेवायची योजना बसवली होती. आणि मूळ विमानात शेपटीच्या दोन्ही बाजूंचे टॅब हलतात. इथे उजवा जागेवर पक्का केला होता, सगळं काम एकट्या डाव्यावर. दोन्ही चालू असते तर एक गेल्यावरही कदाचित विमान हातात राहिलं असतं.

मोठे बदल करायला माझी हरकत नाही. शर्यतीचं विमान म्हटल्यावर ते होणारच. पण बदल कागदावर नोंदायचे असतात आणि मग वेग टप्प्याटप्प्यानं वाढवत, रिकाम्या आकाशात विमान तपासायचं असतं. इथे दोन्ही झालं नव्हतं. त्या दिवशी विमान ४४५ नॉट, म्हणजे ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास धावत होतं. या मार्गावर ते इतक्या वेगानं याआधी कधीच उडालं नव्हतं. म्हणजे चाचणी शर्यतीतच चालली होती. एनटीएसबी या अमेरिकी तपास संस्थेनं २०१२ च्या अहवालात सैल टॅब आणि फ्लटर हे कारण दिलं, आणि न नोंदलेले, न तपासलेले बदल त्याला जोडले. नटावर सगळं ढकलणाऱ्यांनी ते दुसरं वाक्यही वाचावं.

प्रश्न : असं आधी कधी घडलं होतं का?

घडलं होतं, आणि तेही रीनोलाच. १९९८ मध्ये ‘व्हूडू’ या मस्टँगचा टॅब शर्यतीत तुटला. विमान तसंच उसळलं, वैमानिक बॉब हॅना बेशुद्ध पडले, आणि शुद्धीवर आले तेव्हा हजारो फुटांवर होते. त्यांनी विमान नीट उतरवलं. फरक एवढाच की त्यांचं विमान वर जात राहिलं आणि लीवर्ड यांचं उलटून खाली आलं. हा फरक कुणाच्या कौशल्याचा नव्हता. अशा बचावाला लोक टाळ्या वाजवतात; माझ्या मते त्याच दिवशी प्रत्येक मस्टँगच्या शेपटीचे नट उघडून बघायला हवे होते.

प्रश्न : प्रेक्षक इतक्या जवळ का होते?

शर्यत बघायला येणाऱ्याला जवळचीच जागा हवी असते, हे एक. पण अंतराचे नियमही एकसारखे नव्हते; अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या वेगवेगळ्या सूचनांत मेळ नव्हता, हे तपासातच पुढे आलं. विमान स्टँडसमोरच्या खुर्च्यांच्या भागात पडलं. वैमानिकासह ११ जण गेले, साठहून अधिक जखमी झाले. इंधनाचे टँकर प्रेक्षकांपासून लांब किंवा आडोशामागे असावेत, मार्गाची आखणी तपासावी, वैमानिकांना जी-पोशाख देण्याचा विचार करावा आणि मोठे बदल केलेल्या विमानाची शर्यतीआधी उड्डाणचाचणी व्हावी, अशा सूचना एनटीएसबीनं अंतिम अहवालाच्याही आधी, एप्रिल २०१२ मध्ये दिल्या. त्यातली शेवटची सूचना मी सर्वांत वर लिहिली असती.